शिवलेले पंख आणि कोकणकड्याचा वारा

हरिश्चंद्रगडाच्या पश्चिम अंगाचा कोकणकडा हा अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरचा, शब्दशः शेवट आहे. अकोले तालुक्यातील पाचनईकडून चढत आलेली जमीन येथे संपते आणि खाली सुमारे हजार मीटरवर ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याची भातखाचरे दिसू लागतात. कडा सरळसोट नाही. नागाच्या फण्यासारखा वरून पुढे झुकलेला आणि मधोमध आत गेलेला असा तो अर्धगोल कातळ असून, कोकणातून येणारा पश्चिमेचा वारा त्याच्या पोटात गोळा होतो आणि पुढे वाट नसल्यामुळे वर उसळतो. कड्यावरून सोडलेली टोपी किंवा वाळकी पाने पुन्हा वर येतात, हे गडावर मुक्काम केलेल्या बहुतेकांनी पाहिलेले असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला प्रदीर्घ निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला, त्यात याच गडावरून खालच्या धुक्यावर पडलेल्या स्वतःच्या सावलीभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसल्याची नोंद आहे. गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. हवेचे अस्तित्व डोळ्यांना आणि अंगाला इतके ठसठशीत जाणवावे, अशी ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत.

अशा जिल्ह्यात विंगसूटची चर्चा करण्याला वरवर पाहता काहीच आधार नाही, कारण येथे विंगसूट घालून उडणाऱ्यांची परंपरा नाही, आणि नगरची लष्करी ओळख तर आकाशाऐवजी थेट जमिनीशी बांधलेली आहे: चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, यांत्रिकी पायदळाचे केंद्र आणि रणगाड्यांचे संग्रहालय. तरीही कड्याच्या धारेवर उभा राहिलेला माणूस पंखांचा विचार केल्याशिवाय राहत नाही, आणि त्या विचारात पहिली चूक बहुधा अशी होते की उडण्यासाठी लागतो तो कडा आणि छाती, बाकीचे पुढचे पुढे. या क्रीडेचा इतिहास आणि तिची यंत्रणा नीट पाहिली, तर कडा हा तिच्या वाटेवरचा अगदी शेवटचा मुक्काम असल्याचे दिसते. त्याआधीच्या वाटेवर विमान लागते, मैदान लागते, पॅराशूटची म्हणजे छत्रीची घडी घालणारे हात लागतात आणि शेकडो नीरस उड्यांची मोजदाद लागते, आणि महाराष्ट्रात उणीव आहे ती या मधल्या वाटेची.

विंगसूट म्हणजे हात आणि धड यांच्यामध्ये, तसेच दोन पायांच्या मध्ये, नायलॉनच्या कापडाचे पडदे शिवलेला अंगभर पोशाख. हे पडदे एकेरी नसतात. वरच्या आणि खालच्या थरांमध्ये कप्पे असतात आणि त्या कप्प्यांना पुढच्या बाजूने तोंडे असतात, त्यामुळे पडणाऱ्या माणसाच्या वेगानेच हवा आत शिरते, कापड फुगून ताठ होते आणि माणसाचे शरीर जाडसर पंखाचा आकार घेते. साध्या पोशाखात पालथ्या स्थितीत खाली येणाऱ्या माणसाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जाऊन स्थिरावतो; विंगसूटमध्ये खाली येण्याचा हा वेग शंभराच्या आत, कुशल उडणाऱ्याच्या बाबतीत त्याहूनही बराच कमी होतो आणि उरलेला वेग पुढे जाण्याकडे वळतो. एक मीटर खाली येताना अडीच ते तीन मीटर पुढे, हे चांगल्या पोशाखाचे प्रमाण. तेरा हजार फुटांवरून उडी घेतलेल्या सामान्य स्कायडायव्हरला छत्री उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट मिळते, तर विंगसूट घातलेल्याला दोन-अडीच मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात तो पाचसहा किलोमीटर अंतर कापू शकतो. मात्र विंगसूटने जमिनीवर उतरता येत नाही. गॅरी कॉनरी या ब्रिटिश स्टंटपटूने २३ मे २०१२ रोजी पुठ्ठ्याच्या हजारो खोक्यांच्या ढिगावर छत्रीविना उतरून दाखवले, हा अपवाद. बाकी प्रत्येक उड्डाणाचा शेवट पॅराशूटनेच होतो, आणि म्हणून पंखांइतकाच, किंबहुना अधिक, विचार त्या छत्रीचा करावा लागतो.

पंखांच्या या पोशाखाचा इतिहास एका अर्थाने शिवणकामाचा इतिहास आहे. फ्रान्झ राइशेल्ट हा पॅरिसमधील शिंपी ४ फेब्रुवारी १९१२ रोजी स्वतः शिवलेला पॅराशूट-पोशाख घालून आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून उतरण्यास गेला आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर मरण पावला. त्याचा पोशाख पंखांचा नव्हता, छत्रीचा होता. पण अंगावरच्या कापडाने हवा अडवता येईल ही कल्पना त्याच्या रूपाने लोकांच्या डोळ्यांसमोर आली. पुढे क्लेम सोन हा अमेरिकी तरुण हातापायांत कापडी पडदे लावून विमानातून उड्या घेत असे आणि मोठी गर्दी खेचत असे. २५ एप्रिल १९३७ रोजी फ्रान्समध्ये त्याची छत्री उघडली नाही. लिओ व्हॅलेंटाइन या फ्रेंच छत्रीधारी सैनिकाने लाकडी पंख वापरून पाहिले आणि १९५६ मध्ये लिव्हरपूलजवळच्या प्रदर्शनात त्याचाही अंत झाला. आजच्या पोशाखाची खरी सुरुवात १९९० च्या दशकात पात्रिक द गायार्दों या फ्रेंच स्कायडायव्हरने केली, कारण फुगणाऱ्या दुहेरी कापडाची कल्पना त्याने पोशाखात यशस्वीपणे उतरवली. तोही एप्रिल १९९८ मध्ये हवाई बेटांवर मरण पावला, आणि त्याचे कारण पंखांत नव्हते, तर पॅराशूटच्या पिशवीत त्याने स्वतः केलेल्या फेरफारात होते. त्यानंतर वर्षभरात यारी कुओस्मा हा फिनलंडचा आणि रॉबर्ट पेचनिक हा क्रोएशियाचा, अशा दोघांनी मिळून पोशाख विक्रीला आणला. अधिक महत्त्वाचे म्हणजे पोशाखाबरोबर तो वापरण्याचे शिक्षणही त्यांनी देऊ केले. आधीच्या साठ-सत्तर वर्षांत जे पंख एकेका वेड्या माणसाबरोबर जन्मले आणि त्याच्याबरोबर गेले, ते या शिक्षणामुळे प्रथमच एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागले.

शिक्षण म्हणजे नेमके काय, हे छत्री उघडण्याच्या काही सेकंदांकडे जवळून पाहिले की ध्यानात येते. पाठीवरच्या पिशवीत मुख्य छत्री घडी घालून ठेवलेली असते आणि तिला ओढून बाहेर काढण्यासाठी एक लहान छत्री, जिला या क्षेत्रात पायलट शूट म्हणतात, पिशवीच्या तळाशी खोचलेली असते. साध्या उडीत उजवा हात मागे नेऊन ती वाऱ्यात फेकली की काम होते. विंगसूटमध्ये हात पंखाच्या कापडात अडकलेला असतो, आणि एकच हात मागे नेला तर एक पंख मिटतो, दुसरा उघडा राहतो आणि शरीर गिरकी घेते. म्हणून दोन्ही हात एकदम आणि पायही एकदम मिटावे लागतात. शिवाय फुगलेल्या पोशाखाच्या पाठीमागे हवेचा एक खळगा तयार होतो, वाहत्या ओढ्यात मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी जसे घोटाळते तशी तेथे हवा घोटाळते, आणि त्यात फेकलेली छोटी छत्री पाठीवरच भिरभिरत राहण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणून तिचा आकार मोठा आणि तिची पट्टी लांब ठेवतात. छत्री उघडतानाही पुढे जाण्याचा वेग शिल्लक असल्यामुळे दोऱ्यांना पीळ पडणे ही विंगसूटमधील नेहमीची तक्रार आहे, आणि तो पीळ सोडवताना पायांतला पडदा मध्ये येतो. विमानातून बाहेर पडतानाची अडचण याच्या उलट असते: पंख लगेच उघडले तर शरीर वर उचलले जाऊन विमानाच्या शेपटीवर आदळू शकते, म्हणून पहिली एकदोन सेकंदे हातपाय मिटून नुसते पडायचे असते. उडायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी पडू देण्याची ही सक्ती त्याच्या सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध जाते, आणि सहज प्रवृत्ती मोडायला पुनरावृत्तीखेरीज दुसरा मार्ग नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने विंगसूटची पहिली उडी घेण्यापूर्वी किमान २०० साध्या उड्यांची अट घातली आहे. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण प्रत्येक उडीत मुक्तपणे पडण्याचा काळ मिनिटभराचा धरला, तर या सगळ्या अनुभवाची बेरीज तीन-साडेतीन तासांच्या पुढे जात नाही. नगरहून पुण्याला एसटीने जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात माणसाने हवेत तोल सावरणे, उंचीचे भान ठेवणे, शेजाऱ्यापासून दूर जाणे आणि बिघाड झाल्यास मुख्य छत्री तोडून राखीव छत्री उघडणे हे सर्व आत्मसात करावे अशी अपेक्षा असते, आणि तेही मिनिट मिनिट करून, दर वेळी पुन्हा विमानात बसून. त्या संघटनेच्या परवान्यांची पायरीही उड्यांवरच मोजली जाते: पहिला परवाना २५ उड्यांवर, मग ५०, मग २००, आणि सर्वांत वरचा ५०० वर. प्रत्येक उडी एका वहीत नोंदली जाते, तिच्यावर साक्षीदाराची सही असते, आणि ही वही जगातल्या कोणत्याही मैदानावर पासपोर्टसारखी मागितली जाते.

या मैदानांना ड्रॉप झोन म्हणतात आणि स्कायडायव्हरांचा समाज तिथेच घडतो. दुरून पाहणाऱ्याला उडी हा एकट्याचा पराक्रम वाटतो, परंतु मैदानावरचा दिवस बहुतांशी इतरांसाठी आणि इतरांमुळे खर्च होतो: जमिनीवर अंथरलेल्या कापडावर छत्रीच्या दोऱ्या सरळ करून त्या रबराच्या फासांत अडकवणे, विमानाच्या प्रत्येक फेरीत कोण कोणाबरोबर बसणार हे ठरवणे, दार उघडण्याआधी शेजाऱ्याच्या पाठीवरची पिन जागेवर आहे की नाही हे पाहणे. राखीव छत्रीची घडी मात्र स्वतः घालायची नसते; अमेरिकी नियमानुसार ती परवानाधारक कारागिराने दर १८० दिवसांत उघडून, तपासून, पुन्हा घालायची आणि त्यावर आपली मोहोर लावायची असते, म्हणजे प्रत्येक उडी घेणारा पाठीवर दुसऱ्या कोणाच्या तरी हातची खात्री बाळगून फिरतो. विमानातून बाहेर पडण्याचा क्रमही समाजाने ठरवलेला आहे, आणि विंगसूटवाले त्यात शेवटी असतात, कारण ते सरळ खाली न येता मैदानाभोवती लांब वळसा घेतात आणि मध्येच कोणाच्या छत्रीत शिरले तर दोघेही वाचणे कठीण. पहिल्यांदा काही केले, पहिली विंगसूट उडी असो वा पहिल्यांदा राखीव छत्री वापरणे असो, की सगळ्या मैदानाला बीअर पाजण्याची रीत इंग्रजी जगातल्या मैदानांवर आहे, आणि भेटताना तसेच निरोप घेताना निळ्या आकाशाच्या शुभेच्छा दिल्या जातात. एखाद्याच्या निधनाच्या बातमीखालीही तेच शब्द लिहिले जातात.

मराठी माणसाची छत्रीशी जुनी ओळख आहे ती लष्करातून. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फेररचनेत छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची दुसरी पलटण बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलजवळ हीच पलटण उतरली आणि पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघारी जाणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट तिने अडवली. मात्र लष्करी उडी आणि स्कायडायव्हिंग यांत मोठा फरक आहे. सैनिक कमी उंचीवरून उडी घेतो, त्याची छत्री विमानाला बांधलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते, आणि हवेत राहण्याचा काळ जितका कमी तितके त्याच्यासाठी चांगले. स्कायडायव्हरला तोच काळ वाढवायचा असतो आणि विंगसूट हे त्या वाढवण्याचे टोक आहे. भारतीय हवाई दलाने १९८७ मध्ये आकाशगंगा हे प्रात्यक्षिक पथक उभारले, आणि जुलै २०१९ मध्ये, कारगिल युद्धाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, विंग कमांडर तरुण चौधरी यांनी जोधपूर येथे एमआय-१७ हेलिकॉप्टरमधून विंगसूट उडी घेतली. सैन्याकडे विमान आहे, मैदान आहे आणि सरावाचे वेळापत्रक आहे, म्हणून तेथे हे जमले.

नागरी बाजूला महाराष्ट्राचे नाव आहे ते पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे. १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात, २,४०० फुटांवरून त्यांनी घेतलेली उडी ही त्यांच्या आयुष्यातील पहिलीच पॅराशूट उडी होती. डिसेंबर २००६ मध्ये त्या अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून उतरल्या, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. या सर्वांत मराठी वर्तमानपत्रांनी सर्वाधिक जागा दिली ती फेब्रुवारी २०१८ मधील पट्टायाच्या उडीला, कारण ती नऊवारी नेसून घेतलेली होती. उत्सवी बातमीच्या पलीकडे पाहिले तर ती उडी तांत्रिकदृष्ट्याही विचार करण्यासारखी आहे: विंगसूटमध्ये कापडाने हवा धरायची असते, तर नऊवारीत आठ मीटरच्या आसपासच्या कापडाने ती अजिबात धरता कामा नये, कारण सुटा पदर किंवा सैल निरी छत्रीच्या मुठीवर आली तर खेळ संपतो. कासोटा घालून अंगाबरोबर आवळलेले वस्त्र म्हणून नऊवारी या कामाला गोल साडीपेक्षा नक्कीच बरी, हे मराठी बायकांना वेगळे सांगायला नको. पण याच उड्यांच्या यादीकडे दुसऱ्या नजरेने पाहिले तर उत्तर ध्रुव, अंटार्क्टिका, थायलंड, नेपाळ अशी नावे लागतात. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध स्कायडायव्हरला आपली मोठी कामे करायला महाराष्ट्राबाहेर जावे लागले. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत स्कायडायव्हिंग झाले, म्हैसूरला आणि मध्य प्रदेशात अधूनमधून शिबिरे होतात, हरयाणात नारनौलला मैदान आहे. परंतु तेथे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रशिक्षकाच्या छातीला बांधून घेऊन एकदाच उडी मारतात, छायाचित्रे घेतात आणि घरी जातात. त्यात गैर काही नाही, मात्र एकदाच येणाऱ्यांच्या गर्दीतून दोनशे उड्यांची वही तयार होत नाही.

आता कोकणकड्याकडे परत यावे. विमानाऐवजी स्थिर उंचीवरून, म्हणजे इमारत, मनोरा, पूल किंवा कडा यांवरून, घेतलेल्या उडीला या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बेस जंपिंग म्हणतात, आणि विंगसूटसह केलेली बेस उडी हा या क्रीडेतला सर्वांत कमी चूक माफ करणारा प्रकार मानला जातो. विमानातून बाहेर पडताना विमानाचाच वेग उपयोगी येतो. कड्यावरून निघणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते, पोशाख फुगून पंखासारखे काम करू लागेपर्यंत पाचसहा सेकंद जातात आणि तेवढ्यात तो दीडशे मीटरच्या आसपास खाली गेलेला असतो. कोकणकड्याचा पुढे झुकलेला माथा या पहिल्या सेकंदांना अनुकूल आहे, कारण कातळ आपसूकच मागे राहतो. अडचण त्यापुढे सुरू होते. सह्याद्री लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा बनलेला असल्यामुळे त्याचा उतार एकसंध नसतो. उभा कडा, मग त्याच्या पायथ्याचा पदर, पदरातले जंगल, पुन्हा कडा, अशा पायऱ्यांनी तो कोकणात उतरतो, आणि एकास अडीच या प्रमाणाने पुढे सरकणारे शरीर त्या प्रत्येक पदराच्या वरून सुटेल की नाही, याचा हिशेब मीटरांत करावा लागतो. खाली राहिलेल्या पदराला चुकवून माणूस बाहेर पडला, तरी उतरायला सपाट मोकळी जागा हवी. बेलपाड्याच्या खाचरांत पावसाळ्यात भात उभा असतो आणि दिवाळीनंतर उरतात त्या बांधांच्या उतरंडी.

ज्या वाऱ्याचे कौतुक होते तोही येथे मित्र ठरेलच असे नाही. घारी आणि गिधाडे उसळत्या वाऱ्यावर पंख पसरून तासन् तास राहतात, कारण त्यांचा खाली येण्याचा वेग त्या वाऱ्यापेक्षा कमी असतो. सेकंदाला पंधरा-वीस मीटरने खाली येणाऱ्या माणसाला असा वारा तोलून धरू शकत नाही, उलट अर्धगोलाच्या कडांवर तो फुटून जे भोवरे तयार होतात ते अर्धवट फुगलेल्या पोशाखाला एका अंगावर कलंडवू शकतात. टोपी परत येते म्हणून माणूस परत येईल असे मानणे हे हवेविषयीचे अज्ञान आहे, आणि कड्यावर सेल्फीसाठी गर्दी करणाऱ्यांत ते कमी नाही. बेस उडी घेणारे म्हणूनच पहाटेची स्थिर हवा निवडतात.

स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनच्या दरीशी तुलना केली तर फरक नीट समजतो. तेथेही शेकडो मीटरांचे उभे कडे आहेत, पण त्यांच्या पायाशी सपाट कुरणे आहेत, वर जायला दोरमार्ग आहेत, आणि उडी घेणाऱ्यांनी ठराविक रक्कम भरून कार्ड घ्यायचे, उडीपूर्वी हेलिकॉप्टर तळाला कळवायचे आणि जमलेली रक्कम ज्यांच्या गवतावर हे लोक उतरतात त्या शेतकऱ्यांकडे जायची, अशी व्यवस्था स्थानिकांशी बोलून बसवलेली आहे. कड्याइतकीच ही व्यवस्था त्या दरीच्या कीर्तीला कारण आहे. हरिश्चंद्रगडावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायी यावे लागते, परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो म्हणून वनखात्याची परवानगी हा पहिला प्रश्न, आणि अपघात झाला तर बेलपाड्याच्या बाजूने माणूस बाहेर काढण्याचे काम नळीच्या वाटेसारख्या दगडधोंड्यांच्या घळीतून स्थानिक तरुण आणि गिर्यारोहक बचावपथके यांच्याच खांद्यावर पडणार. ज्या गावाला उडीतून काही मिळणार नाही त्याच्यावर झोळी वाहण्याचे काम लादले जाते, याविषयी साहसाच्या चर्चेत सहसा कोणी बोलत नाही.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात पॅराशूटिंगच्या सदराखाली स्कायडायव्हिंग, बेस जंपिंग आणि विंगसूट यांची नावे स्पष्टपणे घातलेली आहेत, म्हणजे कागदावर हा खेळ आता अनोळखी नाही. जिल्ह्यात शिर्डीजवळ काकडी येथे २०१७ पासून विमानतळ आहे, पण प्रवासी विमानांच्या वाटेत उड्यांसाठी आकाश राखून ठेवणे हा हवाई वाहतूक नियंत्रणाशी रोज बोलण्याचा विषय असतो, आणि तसे बोलणारा एखादा क्लब, त्याचे लहान विमान, त्याचा परवानाधारक घडी-कारागीर आणि शनिवार-रविवारी न चुकता येणारी वीसपंचवीस माणसे जोवर एकत्र येत नाहीत, तोवर धोरणातल्या त्या ओळीला महाराष्ट्रात पत्ता मिळत नाही. एवढ्यात दिवाळीची सुट्टी लागते, पाचनईची वाट माणसांनी भरते, आणि वर पोहोचलेले ट्रेकर कोकणकड्याच्या धारेवर पालथे पडून, मागे कोणीतरी पाय धरून ठेवले आहेत याची खात्री करत, हनुवटी कातळाबाहेर काढून खाली पाहतात. खालून आलेला वारा त्यांच्या तोंडावर आदळतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि एखाद्याची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावरून मागे, नगरच्या बाजूला, गवतात नेऊन टाकतो.